व्हिडिओतील वर्तनाची कळफलकावरून नोंद : कळ दाबण्याआधी काय काय ठरवायला हवे?

शोधयात्री

नमस्कार. बुलबुलांच्या घरट्यांसमोर स्थिर कॅमेरे लावून केलेले बरेच चित्रण आमच्या अभ्यासगटाकडे आहे आणि त्यातील वर्तनाची नोंद आता करायची आहे. पिल्लांना भरवणे, त्यांना ऊब देणे, घरटे साफ करणे आणि टेहळणी करणे यांत पालक पक्ष्यांचा किती वेळ जातो, आणि जवळपास माणसांची वर्दळ असताना त्यात फरक पडतो का, हा आमचा मूळ प्रश्न आहे.

नोंदीसाठी आम्ही बोरिस हे मुक्त सॉफ्टवेअर निवडले आहे. इटलीतील तुरिन विद्यापीठात ऑलिव्हिए फ्रियार आणि मार्को गांबा यांनी ते विकसित केले आणि २०१६ साली त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर व्हिडिओ सुरू असतो, प्रत्येक वर्तनाला कळफलकावरची एक कळ नेमून दिलेली असते, आणि ते वर्तन दिसताच कळ दाबली की व्हिडिओतील त्या क्षणाची वेळ, वर्तनाचे नाव आणि ते करणारा प्राणी यांची एक ओळ यादीत जमा होते. क्षणात घडून जाणाऱ्या वर्तनाला त्यात पॉइंट इव्हेंट म्हणतात आणि त्यासाठी कळ एकदाच दाबायची असते. काही काळ चालणाऱ्या वर्तनाला स्टेट इव्हेंट म्हणतात आणि त्यासाठी सुरुवातीला एकदा व शेवटी एकदा अशी कळ दोनदा दाबावी लागते.

सरावासाठी एकच चित्रफीत आम्ही दोघांनी वेगवेगळी बसून नोंदवली. भरवण्याच्या फेऱ्यांची संख्या दोघांचीही जवळजवळ सारखी आली, पण भरवण्यात गेलेल्या एकूण वेळेत मात्र मोठी तफावत पडली. हा फरक हाताच्या वेगाचा आहे, सॉफ्टवेअरच्या मांडणीचा आहे, की आमच्या वर्तनसूचीतच (नोंदवायची वर्तने आणि त्यांच्या व्याख्या यांच्या यादीतच) काही उणे आहे, हे समजून घ्यायचे आहे. शिवाय कोणत्या वर्तनाला कोणती कळ द्यावी आणि व्हिडिओ कोणत्या वेगाने पाहावा, याविषयीही अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

रानवाचक

फेऱ्यांची संख्या जुळते आणि कालावधी जुळत नाही, याचा अर्थ तुम्हा दोघांना वर्तन दिसते आहे, पण ते कुठे सुरू झाले आणि कुठे संपले याविषयी तुमचे एकमत नाही. हा हाताच्या वेगाचा प्रश्न नसावा. हाताच्या वेगाने पडणारा फरक सेकंदाच्या अंशांत असतो, आणि तुम्ही मोठ्या तफावतीबद्दल लिहिले आहे.

तुमच्या सूचीत ‘भरवणे’ या नावापुढे काय लिहिले आहे, ते आधी पाहा. नुसते ‘पालक पिल्लांना अन्न देतो’ असे लिहिले असेल, तर ते पुरेसे नाही. पालक घरट्याच्या काठावर उतरला तेव्हा भरवणे सुरू झाले, की त्याच्या चोचीचे टोक पिल्लाच्या उघड्या चोचीत गेले तेव्हा? पहिल्या पिल्लाला भरवून तो काही क्षण थांबला आणि मग दुसऱ्याला भरवले, तर भरवणे एकदा झाले की दोनदा? पिल्लाने घास गिळला नाही म्हणून पालकाने तो परत काढून दुसऱ्या पिल्लाला दिला, तर मधला वेळ कशात धरायचा? या प्रत्येक प्रश्नाला दोन माणसे दोन उत्तरे देणार, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असणार. सॉफ्टवेअर यात काहीही ठरवत नाही. ते फक्त तुमचा निर्णय मिलिसेकंदापर्यंत लिहून ठेवते, आणि त्या बारीक आकड्यांमुळे निर्णयही तितकाच नेमका होता असा भास निर्माण होतो.

म्हणून व्याख्या शरीराच्या दिसणाऱ्या हालचालींत लिहावी, हेतूच्या भाषेत लिहू नये. ‘टेहळणी’ हा शब्द मला इथे धोक्याचा वाटतो, कारण पक्षी टेहळणी करतो आहे हा तुमचा अर्थ आहे. पडद्यावर दिसते ते इतकेच, की पक्षी घरट्याच्या काठावर किंवा लगतच्या फांदीवर उभा आहे, चोच रिकामी आहे आणि तो मान वारंवार इकडेतिकडे वळवतो आहे. हे असेच लिहा. त्याला टेहळणी हे नाव द्यायला हरकत नाही, परंतु नोंद करणाऱ्याने कळ दाबायची ती या वर्णनावरून.

मध्ये पडणाऱ्या खंडाचाही नियम हवा. किती सेकंदांचा खंड पडला म्हणजे वर्तन संपले असे मानायचे, हे प्रत्येक स्टेट इव्हेंटच्या व्याख्येत आकड्याने लिहिलेले असावे. तो आकडा मनाने ठरवण्यापेक्षा सुरुवातीच्या काही चित्रफितींत प्रत्येक छोटा तुकडा वेगळा नोंदवा आणि दोन तुकड्यांमधील अंतरे मोठ्या संख्येने मिळाली की त्यांचा आलेख काढा. अंतरे लॉगरिदमच्या मापावर मांडली की बहुतेक वेळा दोन उंचवटे दिसतात, एक फेरीच्या आतल्या छोट्या खंडांचा आणि दुसरा दोन फेऱ्यांमधल्या मोठ्या अंतरांचा. त्या दोहोंमधल्या खोलगट भागात तुमचा आकडा सापडतो.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. सूचीत ‘दिसत नाही’ यासाठी स्वतंत्र कळ असलीच पाहिजे. समजा चित्रफीत वीस मिनिटांची, म्हणजे १२०० सेकंदांची आहे. त्यातील ३०० सेकंद पक्षी पानांआड आहे आणि ३६० सेकंद तो ऊब देताना दिसतो. १२०० ने भागले तर ऊब देण्याचे प्रमाण ३० टक्के येते, आणि दिसलेल्या ९०० सेकंदांनी भागले तर ४० टक्के येते. निष्कर्ष बदलण्याइतका हा फरक आहे. दिसलेल्या वेळेने भागणे सहसा योग्य मानतात, पण त्यामागे एक गृहीतक दडलेले असते, ते म्हणजे पानांआडही पक्षी साधारण तेच करत असेल. तुमच्या चित्रणात वारा सुटून पाने आडवी येत असतील, तर हे गृहीतक चालेल. पक्षी घरट्यात खोल बसल्यामुळेच दिसेनासा होत असेल, तर मात्र न दिसणे आणि ऊब देणे यांचा थेट संबंध आहे, आणि मग दिसलेल्या वेळेने भागून मिळालेले प्रमाण खऱ्यापेक्षा कमी येईल. त्यामुळे ‘दिसत नाही’, ‘दिसतो पण वर्तन ओळखता येत नाही’ आणि ‘घरट्यावर नाही’ या तीन वेगळ्या अवस्था ठेवा. नंतर त्या एकत्र करणे सोपे असते, पण एकत्र नोंदवलेल्या गोष्टी पुन्हा व्हिडिओ पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत.

फ्रेमगणिक

रानवाचक यांच्याशी सहमत आहे. मी चित्रणाच्या आणि यंत्राच्या बाजूने लिहितो, कारण तिथल्या चुका नोंदीत सहसा दिसत नाहीत.

सर्वांत आधी फाइल तपासा. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, आणि तुमच्या नोंदीची सूक्ष्मता त्याहून बारीक असूच शकत नाही, मग यादीत दशांशानंतर कितीही अंक दिसोत. मोबाइलच्या चित्रणात फ्रेमचा वेग बहुधा स्थिर नसतो. उजेड कमी झाला की कॅमेरा वेग खाली आणतो. काही प्रणाल्या फ्रेमचा क्रमांक आणि ठरीव वेग यांवरून वेळ काढतात, आणि अशा फायलींत मग वेळ हळूहळू सरकत जाते. नोंद सुरू करण्यापूर्वी एफएफएमपेग हे व्हिडिओ-रूपांतराचे मुक्त सॉफ्टवेअर वापरून सगळ्या फाइली स्थिर वेगात बदलून घ्या, मूळ फाइली जपून ठेवा, आणि नोंद करणाऱ्या प्रत्येकाने बदललेली तीच प्रत वापरावी. एकाने मूळ फाइल आणि दुसऱ्याने बदललेली फाइल वापरली, तर तुमच्यातील अर्धा फरक त्यातच असू शकतो. बदल करतानाच की-फ्रेममधील (ज्यांत पूर्ण चित्र साठवलेले असते अशा फ्रेममधील) अंतर कमी ठेवले, तर मागे-पुढे उडी मारताना व्हिडिओ नेमक्या जागी थांबतो.

बरेच कॅमेरे कार्डाच्या फॅट३२ रचनेमुळे साधारण ४ जीबी झाले की नवी फाइल सुरू करतात. ऊब देण्यासारखे दीर्घ वर्तन अशा वेळी दोन फायलींत विभागले जाते. बोरिसमध्ये एकाच निरीक्षणात फाइली एकापुढे एक लावता येतात, ती सोय वापरा. अन्यथा एकच बैठक (ऊब देत सलग बसणे) दोन म्हणून मोजली जाईल आणि सरासरी कालावधी विनाकारण घटेल. दोन फायलींच्या सांध्यावर काही क्षणांचे चित्रण गळलेले नाही ना, हेही पडद्यावरील घड्याळावरून पाहून घ्या.

आता हाताच्या वेगाविषयी. एखादी गोष्ट डोळ्यांना दिसणे आणि बोट कळ दाबणे यांत साधारण पाव सेकंद जातो, म्हणजे २५ फ्रेमच्या चित्रणात सहा फ्रेम. सुरुवात आणि शेवट दोन्ही सारखेच उशिरा नोंदले जात असतील, तर कालावधी बरोबर राहील, असे वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. पक्षी घरट्यावर येणे हे अनपेक्षित असते, म्हणून सुरुवातीची कळ उशिरा दाबली जाते. पण तो पंख सावरू लागला की आता उडणार हे आपल्याला कळते आणि शेवटची कळ वेळेवर, कधी थोडी आधीही, दाबली जाते. त्यामुळे छोटी वर्तने पद्धतशीरपणे आखूड नोंदली जातात. दीर्घ बैठकीत याने काही बिघडत नाही, परंतु भरवण्यासारख्या दोन-तीन सेकंदांच्या वर्तनात हा हिस्सा मोठा आहे. व्हिडिओ अर्ध्या वेगाने चालवला की तोच उशीर व्हिडिओच्या वेळेत निम्म्यावर येतो. माझी पद्धत अशी आहे की निवांत भाग पूर्ण वेगाने पाहायचा, पक्षी आला की थांबवायचे, आणि भरवण्याची सुरुवात व शेवट फ्रेम पुढे-मागे करून ठरवायचा. पक्षी येतो कधी हे शोधण्यासाठी वाढवलेला वेग चालतो, पण वाढवलेल्या वेगात वर्तन नोंदवू नये. छोटी वर्तने हमखास निसटतात.

कळांच्या निवडीविषयी माझे मत असे आहे की नावाच्या पहिल्या अक्षरावरून कळ ठरवण्याची पद्धत लक्षात ठेवायला सोपी असली, तरी वापरायला वाईट आहे. जी वर्तने एकापाठोपाठ येतात, त्यांच्या कळा वेगवेगळ्या बोटांखाली असाव्यात. ज्या दोन वर्तनांत गफलत झाली तर अभ्यासाचे नुकसान होईल, त्यांच्या कळा शेजारी-शेजारी ठेवू नयेत. वारंवार लागणाऱ्या कळा मधल्या ओळीत, दुर्मीळ वर्तनाच्या वरच्या ओळीत, आणि व्हिडिओ थांबवणे-चालवणे डाव्या अंगठ्याने. मान खाली घालून कळ शोधावी लागली, तर तेवढ्यात पडद्यावर काहीतरी घडून गेलेले असते. आणि मराठीत टंकन करणाऱ्यांसाठी एक सूचना : टीप लिहिताना कळफलक इनस्क्रिप्टवर गेला आणि तसाच राहिला, तर ‘एच’ ही कळ दाबल्यावर सॉफ्टवेअरला ‘प’ मिळतो आणि नेमून दिलेल्या वर्तनाची नोंद होत नाही. नोंदीच्या वेळी इंग्रजी कळफलकच चालू असल्याची खात्री करा.

शोधयात्री

दोघांचेही मनापासून आभार. आमची व्याख्या खरोखरच एका ओळीची आहे. माझ्या सहकाऱ्याशी बोललो, तेव्हा समजले की तो काठावर उतरण्यापासून वेळ धरत होता आणि मी चोच पिल्लाच्या चोचीत जाण्यापासून.

यातून पुढचा प्रश्न निघतो. घरट्यात दोन किंवा तीन पिल्ले असतात आणि पालक दोन. कोणत्या पालकाने कोणत्या पिल्लाला काय भरवले, हेही नोंदवावे का? प्रत्येक जोडीसाठी वेगळी कळ दिली, तर कळा फार होतात.

रानवाचक

प्रत्येक जोडीला वेगळी कळ देऊ नका. बोरिसमध्ये करणारा प्राणी वेगळा नेमता येतो; त्याची कळ दाबली की पुढच्या नोंदी त्याच्या नावावर पडतात. वर्तनाला मॉडिफायरही जोडता येतात, म्हणजे ‘भरवणे’ची कळ दाबली की काय भरवले याचे पर्याय समोर येतात आणि त्यांतला एक निवडायचा. वर्तन, करणारा आणि तपशील हे तीन थर असे वेगळे राहिले, की पुढे विश्लेषणात हवे तसे एकत्र करता येतात. मॉडिफायर मात्र मोजकेच ठेवा, कारण प्रत्येक पर्यायाची खिडकी उघडली की नजर व्हिडिओवरून हटते.

पण इथे एक मूलभूत अडचण आहे. बुलबुलाचे नर आणि मादी दिसायला सारखे असतात. पायांत रंगीत कडी असेल किंवा एखाद्याच्या पिसाऱ्यात ओळखण्याजोगी खूण असेल, तरच ‘पालक एक’ आणि ‘पालक दोन’ असे नोंदवण्यात अर्थ आहे. खूण नसेल तर ‘पालक, अनोळखी’ अशी एकच नोंद करा. सूचीत नर आणि मादी अशा दोन कळा असल्या, तर नोंद करणारा काही ना काही कारण शोधून त्यांतली एक दाबतोच, आणि तो अंदाज पुढे तक्त्यात निरीक्षण म्हणून मिरवतो. हीच गोष्ट पिल्लांची. घरट्यातली त्यांची जागा बदलत असते. जागेवरून ओळख ठरवू नये.

एकाच वेळी होऊ न शकणारी वर्तने एक्स्क्लूजन मॅट्रिक्समध्ये टाका. ऊब देणे सुरू असताना ‘घरट्यावर नाही’ची कळ दाबली, की आधीची अवस्था आपोआप संपते आणि शेवटची कळ दाबायची राहून जाण्याचा प्रकार टळतो. जोडी न लागलेले स्टेट इव्हेंट तपासण्याची सोयही आहे, ती प्रत्येक निरीक्षणानंतर लगेच वापरा. व्हिडिओ डोळ्यांसमोर ताजा असताना दुरुस्ती सोपी असते.

वर्गनिरीक्षण

माझे क्षेत्र शिक्षणशास्त्र आहे, पण प्रश्न सारखेच असल्याने लिहितो आहे. बी.एड. केलेल्यांना फ्लँडर्स यांची पद्धत आठवत असेल. वर्गातील बोलणे दहा प्रकारांत विभागलेले असते : शिक्षकाच्या बोलण्याचे सात, विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे दोन आणि शांतता किंवा गोंधळ यांचा एक. दर तीन सेकंदांनी त्या वेळच्या प्रकाराचा क्रमांक लिहायचा, आणि मग लागोपाठच्या क्रमांकांच्या जोड्या १० × १० च्या तक्त्यात मांडायच्या. व्हिडिओ आणि संगणक हाताशी नसतानाही प्रत्यक्ष वर्गात बसून हे करता येत असे, आणि आजही त्यातून बरेच कळते.

माझे म्हणणे असे आहे की प्रत्येक सुरुवात आणि प्रत्येक शेवट फ्रेमपर्यंत पकडण्याचा अट्टहास दर वेळी आवश्यक नसतो. प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन आल्टमन यांनी १९७४ साली निरीक्षणाच्या नमुना-पद्धतींवर जो निबंध लिहिला, त्यात कोणत्या प्रश्नासाठी कोणती पद्धत हे फार स्पष्टपणे मांडले आहे. ठरावीक अंतराने थांबून त्या क्षणी काय चालले आहे एवढेच नोंदवले, तरी वेळेच्या प्रमाणाचा चांगला अंदाज येतो, आणि नोंदीचा वेळ कितीतरी पटींनी वाचतो. चित्रण भरपूर आणि माणसे थोडी असतील, तर सगळ्या घरट्यांची मध्यम बारकाईने केलेली नोंद ही मोजक्या घरट्यांच्या अतिबारीक नोंदीपेक्षा उपयोगाची आहे, असे मला वाटते.

रानवाचक

या बाबतीत मी काहीसा असहमत आहे. क्षणनमुन्याची पद्धत ऊब देण्यासारख्या दीर्घ वर्तनाला चालते. भरवणे काही सेकंदांत संपते, आणि घरट्यातील विष्ठेची पिशवी उचलणे तर क्षणाचेच काम आहे. मिनिटाला एकदा पाहिले तर यांतले बहुतेक निसटेल. आल्टमन स्वतः प्रामुख्याने बबून माकडांवर काम करत असत, आणि क्षणनमुना अवस्थांसाठी योग्य आहे, क्षणिक घटनांसाठी नाही, हा भेद त्याच निबंधात आहे. ठरावीक अवधीत वर्तन एकदा तरी दिसले की नाही, एवढेच ‘हो’ किंवा ‘नाही’ नोंदवण्याची जी पद्धत आहे, तिच्यावर तर त्यांनी कठोर टीका केली आहे, कारण तीतून खरी वारंवारताही मिळत नाही आणि खरा कालावधीही मिळत नाही.

वर्गनिरीक्षण

‘हो-नाही’च्या पद्धतीची शिफारस मीही करत नाही. भरवण्याविषयीचे तुमचे म्हणणे मान्य आहे. पण ऊब देण्याविषयी माझे मत कायम आहे. शोधयात्री यांनी हे चाचणी करूनच ठरवावे : ज्या चित्रफितींची सलग नोंद झाली आहे, त्याच नोंदीतून दर तीस सेकंदांचा आणि दर साठ सेकंदांचा क्षणनमुना गणिताने काढता येतो. त्यातून येणारे प्रमाण सलग नोंदीच्या प्रमाणाशी किती जुळते ते पाहावे. जुळत असेल, तर उरलेल्या चित्रणात ऊब देण्यासाठी क्षणनमुना आणि भरवण्यासाठी प्रत्येक घटनेची नोंद, अशी मिश्र पद्धत वापरावी.

रानवाचक

ही चाचणी चांगली आहे. फक्त ती शांत वेळेच्या आणि वर्दळीच्या वेळेच्या चित्रफितींवर वेगवेगळी करावी, कारण वर्दळीत बैठका तुटक होतात आणि तुटक बैठकांसाठी साठ सेकंदांचे अंतर अपुरे पडू शकते.

संख्याप्रेमी

दोघांच्या नोंदी जुळतात की नाही, हे कशाने मोजायचे याविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. नुसती टक्केवारी पाहू नका. समजा चित्रफितीचे १०० समान तुकडे केले. भरवणे नाही, यावर ८५ तुकड्यांत दोघांचे एकमत झाले. भरवणे आहे, यावर ५ तुकड्यांत एकमत झाले. ५ तुकड्यांत फक्त पहिल्याने ‘आहे’ म्हटले आणि ५ तुकड्यांत फक्त दुसऱ्याने. एकमत ९० टक्के आले आणि ऐकायला उत्तम वाटते. पण प्रत्येकाने १० तुकड्यांत ‘आहे’ आणि ९० तुकड्यांत ‘नाही’ म्हटले आहे, म्हणजे दोघांनी डोळे मिटून याच प्रमाणात उत्तरे दिली असती तरी ०.०१ + ०.८१ = ०.८२ इतके एकमत योगायोगाने झालेच असते. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला कप्पा हा निर्देशांक योगायोगाचा हा भाग वजा करतो : (०.९० − ०.८२) ÷ (१ − ०.८२), म्हणजे सुमारे ०.४४. नव्वद टक्क्यांच्या मागे असलेली खरी स्थिती ही आहे. वर्तन जितके दुर्मीळ, तितकी टक्केवारी अधिक फसवी.

बोरिसमध्ये कप्पा काढता येतो, आणि त्यासाठी वेळेचे एकक तुम्हाला द्यावे लागते. ते एकक निकालाबरोबर नेहमी लिहावे. ०.६१ ते ०.८० या पट्ट्याला लँडिस आणि कॉख यांनी १९७७ साली चांगल्या एकमताचा दर्जा दिला आणि तेव्हापासून अनेक जण तोच पट्टा वापरतात, पण त्या सीमा सोयीने ठरवलेल्या आहेत. माझ्या मते कप्पाच्या एका आकड्यापेक्षा त्यामागचा तक्ता अधिक मोलाचा आहे. एकाने ‘टेहळणी’ म्हटले तिथे दुसऱ्याने काय म्हटले, हे त्या तक्त्यात दिसते, आणि कोणती व्याख्या सुधारायची ते तिथूनच कळते. एकूण कप्पा चांगला असूनही एखादे दुर्मीळ वर्तन अजिबात जुळत नाही, असे वारंवार घडते. म्हणून प्रत्येक वर्तनाचे एकमत वेगळे पाहा. कालावधींच्या तुलनेसाठी इंट्राक्लास सहसंबंध (दोघांनी मोजलेले आकडे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा निर्देशांक) वापरा.

ही तपासणी एकदाच सुरुवातीला करून थांबू नका. काम लांबले की प्रत्येक जण नकळत आपली व्याख्या सरकवत जातो. दुसऱ्या व्यक्तीने करायच्या चित्रफिती संपूर्ण संचातून चिठ्ठ्या टाकून निवडा, म्हणजे सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा सगळ्या येतील. शिवाय काही जुन्या चित्रफिती त्याच व्यक्तीने काही काळाने पुन्हा नोंदवाव्यात आणि आपल्याच आधीच्या नोंदीशी ताडून पाहाव्यात.

तुमच्या अभ्यासात आणखी एक काळजी घ्यावी लागेल. वर्दळीत पक्षी कमी वेळ बसतो, अशी तुमची अपेक्षा आहे. नोंद करणाऱ्याला कोणती चित्रफीत वर्दळीची हे माहीत असेल, तर शंकेच्या प्रत्येक जागी त्याचा कौल त्या अपेक्षेकडे झुकेल. रोझेन्थल आणि फोड यांनी १९६३ साली दाखवले की सारख्याच प्रतीचे उंदीर विद्यार्थ्यांना ‘हुशार’ किंवा ‘मंद’ म्हणून दिले, तर ‘हुशार’ म्हटलेल्या उंदरांचे निकाल खरोखर चांगले आले. फायलींना चिठ्ठ्या टाकून सांकेतिक क्रमांक द्या, नोंदीचा क्रमही तसाच ठरवा, आणि आवाज बंद ठेवा, कारण माणसांचे बोलणे ऐकू आले की वर्दळ कळतेच. सांकेतिक क्रमांकांची किल्ली नोंद न करणाऱ्या सहकाऱ्याकडे असावी.

पाणथळ

एक शंका आहे. आता प्राण्यांच्या शरीराचे बिंदू व्हिडिओत आपोआप ओळखणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. मग हाताने कळा दाबत बसण्याची गरज उरते का?

फ्रेमगणिक

उरते. २०१८ साली आलेल्या डीपलॅबकटसारख्या प्रणाली चोच, डोके, शेपटी असे बिंदू फ्रेममागून फ्रेम शोधून देतात. त्या बिंदूंच्या हालचालीला ‘भरवणे’ म्हणायचे की नाही, हे वेगळे शिकवावे लागते, आणि ते शिकवायला माणसाने केलेली विश्वासार्ह नोंदच लागते. व्याख्या ढिली असेल, तर यंत्रही तोच ढिलेपणा शिकते. चित्रण प्रचंड असेल, तर पक्षी घरट्यावर आहे की नाही एवढे यंत्राकडून काढून घ्यावे आणि वर्तन माणसाने नोंदवावे, ही विभागणी मला व्यवहार्य वाटते.

शोधयात्री

सर्वांच्या प्रतिसादांनुसार आम्ही असे ठरवले आहे. फाइली आधी स्थिर वेगात बदलून घेणार आणि त्यांना सांकेतिक क्रमांक देणार. भरवणे हे चोचीचे टोक पिल्लाच्या चोचीत जाण्यापासून ते बाहेर येईपर्यंत मोजणार, आणि काठावर उतरणे ही वेगळी क्षणिक घटना म्हणून नोंदवणार, म्हणजे उतरण्यापासून भरवण्यापर्यंत किती वेळ गेला हेही मिळेल. कदाचित वर्दळीचा परिणाम या मधल्या वेळेतच सर्वांत स्पष्ट दिसेल. रंगीत कडी असलेली घरटी थोडी आहेत; तिथेच पालकांची ओळख नोंदवू, इतरत्र नाही.

शेवटचा प्रश्न : निम्मे काम झाल्यावर एखादी व्याख्या अपुरी आहे असे लक्षात आले, तर काय करावे? आणि दोघांच्या नोंदींत फरक दिसला, तर चर्चा करून त्या जुळवून घ्याव्यात का?

संख्याप्रेमी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कप्पा काढेपर्यंत कोणीही दुसऱ्याची नोंद पाहू नये आणि आपली बदलू नये. चर्चेनंतर जुळवलेल्या नोंदींवर काढलेला कप्पा हा चर्चेचा निकाल असतो, त्यातून निरीक्षणाच्या विश्वासार्हतेविषयी काहीही कळत नाही. स्वतंत्र नोंदी जशाच्या तशा जपून ठेवा, कप्पा त्यांच्यावर काढा, आणि मग हवे तर चर्चेने ठरलेली तिसरी प्रत विश्लेषणासाठी तयार करा. बोरिसची प्रकल्प-फाइल मुळात जेसॉन स्वरूपातील मजकूरच असते, त्यामुळे तिच्या तारीखवार प्रती ठेवणे आणि दोन प्रतींतील फरक शोधणे अवघड नाही.

रानवाचक

व्याख्या बदलावी लागली तर बदला, पण वर्तनसूचीला आवृत्ती क्रमांक द्या आणि प्रत्येक निरीक्षणात तो नोंदवून ठेवा. बोरिसमध्ये स्वतंत्र चल (प्रत्येक निरीक्षणासोबत नोंदवायची जादा माहिती) म्हणून तो ठेवता येतो. त्यानंतर ज्या वर्तनाची व्याख्या बदलली, तेवढ्याच वर्तनाच्या आधीच्या सगळ्या नोंदी नव्या आवृत्तीने पुन्हा करा. बाकीच्या वर्तनांना हात लावण्याची गरज नाही, मात्र बदललेले वर्तन ज्याच्याशी एक्स्क्लूजन मॅट्रिक्समध्ये जोडलेले आहे, त्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळाही सरकतात, म्हणून तेवढी जोडी एकत्रच तपासा.